मामाची डबल बेल

गुरुवारी सकाळी मामीचा फोन आला तेव्हा मी डोंबिवलीच्या घरी डबा भरत होते. "अगं, हे गेले गं... मी चहा घेऊन गेले तर हे उठलेच नाहीत," एवढंच ती बोलू शकली. ठाण्याला वर्तकनगरात मामाच्या घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती, आणि ती ऐकून तुम्ही मला वेड्यात काढाल. बेडूक पवनचक्कीवर चढायचा राहिला! माझा मामा गेला होता आणि मी व्हिडिओ गेममधल्या एका बेडकासाठी रिक्षात ढसाढसा रडत होते. रिक्षावाल्याने काय समजायचं ते समजून घेतलं असेल.

मामा कल्याण डेपोत एसटीचा ड्रायव्हर होता. माळशेज घाट तो वर्षानुवर्षं चढला-उतरला, पण कधी कुणाला साधं खरचटूही दिलं नाही. "विनाअपघात" हा शब्द तो इतक्या थाटात उच्चारायचा की ते त्याचं आडनावच वाटावं. निवृत्तीनंतर बायपास झाली, डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली, आणि हा भला माणूस खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे गिअर ऐकायला लागला. "अरे, तिसऱ्यावर टाक ना," असं स्वतःशीच पुटपुटायचा. मला ते बघवेना. माझ्या कपाटात व्हिडिओ गेमचा एक जुना कन्सोल पडून होता, तो मी त्याच्या टीव्हीला जोडून दिला आणि लहान पोरालाही जमेल असा एक गेम लावला. खांद्याला झोळी लावलेला एक बेडूक, हवेत तरंगणारी बेटं, एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत हवं तिकडे भटकायचं, वाटेत पिसं गोळा करायची. ह्यात मरण नाहीच. खाली पडलात तर एक ढग येतो आणि अलगद उचलून परत काठावर ठेवतो.

पहिल्या दिवशी मी बटणं समजावली. मामाने कंट्रोलर दोन्ही हातांत धरला, पाठ ताठ केली... आणि काहीच केलं नाही. बेडूक काठावर उभा, डोळे मिचकावतोय. मला वाटलं घाबरला बिचारा. "मामा, मार ना उडी!" तरी ढिम्म. शेवटी माझ्याकडे वळून अगदी गंभीरपणे म्हणाला, "बेल कोण देणार?" मी पोट धरून हसले, पण तो थट्टा करत नव्हता. एसटीत कंडक्टरने दोरी एकदा ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की निघते. त्या डबल बेलशिवाय मामाचा पाय उभ्या नोकरीत क्लचवरून सुटला नव्हता, तो आता काय सुटणार! मी टीपॉयवरचा स्टीलचा पेला ओढला आणि चमच्याने वाजवला. टिंग टिंग! बेडूक सुसाट निघाला आणि थेट दरीत. ढगाने त्याला आणून ठेवला तेव्हा मामा कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "ह्याला अपघात म्हणतात." त्याच क्षणी मी ओळखलं, हा आता सुटत नाही.

आणि मग काय रविवार गेले आमचे! प्रत्येक पडण्यानंतर रीतसर चौकशी व्हायची आणि दर वेळी दोषी कंडक्टरच निघायची. "तू बेल आधी दिलीस." उतरताना समोरून एखादा खेकडा वर येताना दिसला की मामा बेडकाला बाजूला घेऊन उभा राहायचा, कारण घाटात चढणाऱ्या गाडीला पहिला मान. वाटेत गोगलगायी भेटायच्या, त्यांचं बोलणं पडद्यावर इंग्रजीत उमटायचं. "काय म्हणतेय ती?" मामा विचारायचा. मी सांगायचे, तिला पलीकडच्या बेटावर जायचंय. "मग बसू दे की, जागा आहे." एकही गोगलगाय त्याने कधी मागे ठेवली नाही. खेळ संपला की बेडकाला पहिल्या बेटावरच्या झाडाखाली परत नेल्याशिवाय टीव्ही बंद करायचा नाही, कारण गाडी रात्री डेपोतच लागली पाहिजे. स्वयंपाकघरातून मामी ओरडायची, "साठी उलटली ह्यांची आणि बेडकाच्या नादी लागलेत! माझा पेला चेपवलात दोघांनी!"

सगळ्यात उंच बेटावर एक पवनचक्की होती. तिथे पोचलं की बेडकाला लाल टोपी मिळते. गेमला काही घाई नव्हती, ढग दहा वेळा उचलायला तयार होता. पण मामाने हट्ट धरला, झाडापासून पवनचक्कीपर्यंत एकदाही न पडता जायचं. विनाअपघात! बायपासनंतर पहिल्यांदाच त्याला काहीतरी मनापासून हवं होतं. जरा पाय घसरला की तो स्वतःहून डेपोत परत यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा. त्या शेवटच्या रविवारी आम्ही चक्कीच्या खाली येऊन ठेपलो, एक उडी बाकी... आणि पातं फिरलं, बेडूक गेला खाली. मी जवळजवळ किंचाळलेच. मामा मात्र लाल झालेल्या चेहऱ्याने हसत होता. "पुढच्या रविवारी. तू नसलीस तर गाडी हलायची नाही." पुढचा रविवार आलाच नाही.

मामाच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले. मामाच्या फोटोसमोर मी आणि मामी अशा दोघीच उरलो. काय वाटलं कुणास ठाऊक, मी टीव्ही लावला. बेडूक झाडाखाली उभा होता, जिथे असायला हवा तिथेच. आणि त्याच्या डोक्यावर लाल टोपी होती.

मी मामीकडे बघितलं. ती पदराने डोळे पुसत होती आणि हसतही होती. "बुधवारी संध्याकाळी," ती म्हणाली. "मला हाक मारली, म्हणाले, ये, बेल दे. मी म्हटलं, मला नाही जमत असलं काही. तर ऐकेचनात. मग दिली दोनदा. अगं, एकदाही पडले नाहीत! त्या पात्यावर असा बेडूक चढला आणि मीच ओरडले, शेजारची धावत आली. म्हणाले, तिला सांगू नकोस हां, रविवारी टोपी दाखवू..." सांगताना तिचे हात हवेत बेटं दाखवत होते. इतका आनंद मला झाला की मी तिला गच्च मिठी मारली, आणि मग दोघी पोटभर रडलो.

थोड्या वेळाने मामीने कंट्रोलर उचलला. उलटा धरला होता, मी सरळ करून दिला. पाठ ताठ करून ती काठावर बेडकाला घेऊन थांबली. मी चेपलेला पेला घेतला, चमचा मारला... आणि पुढे हातच उचलेना.

"एकच झाली," पडद्यावरची नजर न हलवता मामी म्हणाली. "दुसरी दे. गाडी निघायची आहे."