मागं ठेवलेलं मीठ

मुळशीच्या खोऱ्यात, घाटाच्या तोंडाशी आमची वखार होती. कोकणात उतरणारे धनगर लोकर आणि कातडी आणत, आणि माझे यजमान त्याबदली मीठ, गूळ, कापड देत. कातड्यांच्या वासापायी गावातली एकही बाई आमच्या दारात टेकत नसे. यजमान वजनकाट्यापलीकडे बोलत नसत. मी कोंबड्यांना शिव्या देई, तेवढाच जिभेला व्यायाम.

वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, एक धनगरीण येई. मेंढरं ओढ्यावर सोडून ती ओट्यावर बसे आणि दुपारभर बोले. तिची सून, तिची कुत्री, तिचा दुखरा गुडघा, सगळं मला पाठ होतं. वर्षभर मी त्या दुपारची वाट बघत असे, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

निघताना ती मेंढरांसाठीचं मीठ पदरात बांधी आणि मूठभर ओट्याच्या दगडावर ठेवी. ज्याला परत यायचं आहे, त्यानं थोडं मागं ठेवायचं, अशी त्यांची रीत.

मग खाली नदीवर धरणाची भिंत उभी राहिली. पाणी तुंबलं, सखल भागातली घरं उठू लागली. आमची वखार उंचावर होती, म्हणून मी निर्धास्त होते.

त्या वर्षी ती आली, बोलली कमी. मीठ बांधून उठली. दगड रिकामा होता.

"मूठभर राहिलं की," मी म्हणाले.

"न्हाई राहिलं, वैनी. यंदा समदं नेतीया. खालची वाट पान्यात चालली. फुडच्या साली दुसऱ्या घाटानं उतरनार आमी."

मला राग आला, तिचा की पाण्याचा, कोण जाणे. मी आत जाऊन आमच्या पोत्यातलं मूठभर मीठ आणलं आणि दगडावर ठेवलं.

तिनं ते बघितलं. "तुमी ठिवून काय व्हनार? ज्याला याचं, त्यानं ठिवायचं असतंया."

गुडघ्यावर हात टेकत ती गेली. मी ते मीठ उचललं नाही. पावसाळ्यात त्याचं पाणी झालं.

पुढच्या दिवाळीला एकही कळप आला नाही. यजमानांनी पौडच्या बाजारात दुकान बघितलं. वखार हलवताना त्यांनी पोती गाडीत भरली आणि जमिनीवर सांडलेलं मीठ राहू दे म्हणाले. मी खाली बसले आणि दोन्ही हातांनी ते सगळं गोळा करून घेतलं.