म्हसोबाराव रोज माल परत नेतात

चैत्र सरत आला होता आणि आभाळानं भलताच खेळ मांडला होता. पहाटेपासून काळं धरून आलेलं. पडत नव्हतं, हटतही नव्हतं. जेवायला वाढा म्हणत नाही आणि उठूनही जात नाही अशा पाव्हण्यासारखं ठाण मांडून होतं. गावोगाव हळद शिजवून उघड्यावर वाळत घातलेली. चार थेंब पडले तरी रंग जाणार. म्हणून ज्याची वाळली तो, आणि ज्याची वाळायची होती तोही, पोती ट्रॅक्टरात टाकून वारंगा फाट्याच्या खरेदी केंद्राकडं सुटला होता. फाटक उघडायच्या आधीच रांग पार हायवेच्या ढाब्याला टेकली होती.

आत मिना पाईकराव जुन्या टूथब्रशनं कीबोर्डच्या फटीतली हळद काढत होती. हे तिचं रोजचं पहिलं काम. या केंद्रावर हळद कुठं नसते? चहात असते, रुमालात असते, पाहुण्यांच्या बोटांवर असते. "घरची हळद संपली तं मी काय दुकानात जात न्हाई," मिना म्हणायची. "हा कीबोर्ड कढईवर उलटा केला की वरणाचं भागतं." एरवी ब्रश फिरवता फिरवता तिची जीभही अशी चालायची. आज मात्र ती ओठ आवळून घासत होती. कारण आज पुण्याच्या हेड ऑफिसातून रविंद्र सर येणार होते. आणि ते ज्या शेतकऱ्याची भेट घ्यायला येणार होते, तो शेतकरी अंगणातल्या लिंबाखाली शेंदूर फासून बसला होता.

मिना कळमनुरीची लेक. दोन लेकरं झाल्यावर कंप्युटर शिकली. तेव्हा सासूनं विचारलं होतं, "आता यानं काय भाकरी थापतेस का?" आणि वर्षाच्या आत त्याच सासूनं गल्लीभर सांगितलं होतं, "आमची मिना बोट लावती अन् हळदीचा भाव निघतो." तेव्हापासून ही खुर्ची म्हणजे मिनाचा जीव. पंखा थेट डोक्यावर येतो अशी ती जागा; तिथून कुणी हलवलेलं तिला आवडत नसे, झाडणाऱ्या बाईनंसुद्धा. आणि कंपनीचा नियम साधा होता: यादीत बोगस शेतकरी सापडला की ऑपरेटर घरी. मागच्याच महिन्यात दुसऱ्या एका केंद्रावरचं पोरगं असंच घरी गेलं होतं.

आता बोगस म्हणावं तर तो तसा बोगस नव्हता. केंद्राच्या वजनकाट्यासाठी खड्डा खणला तेव्हा एक गोल गरगरीत धोंडा निघाला होता. काटेवाल्या संतराममामांनी त्याला हात जोडले, शेंदूर लावला, लिंबाखाली बसवला आणि जाहीर केलं, "जागेचा मालक हाय. म्हसोबा." त्या दिवसापासून रिवाज पडला. सकाळी शेतकऱ्याचं पहिलं पोतं काट्यावर चढायच्या आधी म्हसोबा चढणार. वीस किलो भरला की संतराममामा ओरडणार, "बराबर बसला!" मग रांगेतला माणूस निवांत. एकदा काटा बिघडून म्हसोबा अठरा किलोच भरला, तर मामांनी काटा दुरुस्त करणारं पोरगं बोलावण्याऐवजी आधी देवाला विचारलं होतं, "काहून वाळलास रे बाबा? नैवेद्य पोचला न्हाई का?"

अडचण एवढीच, की यंत्र नावाशिवाय वजन घेत नसे. नाव टाका, बापाचं नाव टाका, आडनाव, गाव, मोबाईल. मिनानं पहिल्याच दिवशी हसत हसत ठोकून दिलं: म्हसोबा शेंदूरराव लिंबाळे, मुक्काम लिंबाखाली. मोबाईल संतराममामांचा. माल: हळद. संध्याकाळी ती नोंद ती पुसून टाकायची. पुसताना यंत्र कारण विचारायचं, त्यातलं एक ती निवडायची: 'शेतकऱ्यानं माल परत नेला.' ते काही खोटं नव्हतं. वजन झालं की मामा म्हसोबाला उचलून परत लिंबाखाली ठेवतच होते.

तिचा नवरा भिवाजी तिला यावरून छळायचा. "वा गं वा! घरात आपण एक देव ठेवत न्हाई. भिंतीवर बाबासाहेब अन् बुद्ध. अन् कंप्युटरात म्हसोबा!"

"मी कुठं पूजा करून राहिले?" मिना म्हणायची. "मी त्याची फक्त एंट्री करते."

असं चार वर्षं सुखानं चाललं. मग पाडव्याला कंपनीनं नवा प्लॅटफॉर्म आणला.

रविंद्र सरांनी सगळ्या केंद्रांना एकदम व्हिडिओवर घेऊन त्याचे गुण सांगितले. आता प्रश्न मराठीत टाईप केला की उत्तर मराठीत. आता तक्ता आपला आपण तयार. कुठला शेतकरी आपल्याला सोडून जाईल, ते तो जायच्या आधी यंत्रच सांगणार, लाल ठिपका देऊन. मिना मान डोलावत होती आणि खाली टेबलाआड शेंगा सोलत होती.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं," सर म्हणाले, "आता पुसलेली नोंद पुसली जात नाही. जुन्यासुद्धा सगळ्या परत आणल्यात. काहीच हरवत नाही."

मिनाच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"चला, करून बघू. मी विचारतो: आपला सगळ्यात नेमाचा शेतकरी कोण?" सरांनी टाईप केलं. सगळ्या केंद्रांच्या पडद्यांवर एकच नाव झळकलं. म्हसोबा शेंदूरराव लिंबाळे, वारंगा फाटा. शेजारी मोठा लाल ठिपका.

सर पुढं वाचत गेले आणि त्यांचा आवाज भरून येत गेला. एक दिवस खाडा नाही. भावावरून कधी घासाघीस नाही. मालाचा ओलावा: शून्य. "शून्य, मिनाताई! इतकी वाळलेली हळद अख्ख्या जिल्ह्यात कुणाकडं नाही. आणि हा माणूस रोज सकाळी माल आणतो आणि रोज संध्याकाळी परत नेतो. म्हणजे आपलं काहीतरी चुकतंय! हा हिरा आपल्या हातून जाणार. मी स्वतः येतो त्यांना भेटायला."

मागं उभे असलेले संतराममामा हळूच म्हणाले, "हिरा न्हाई. धोंडा हाय."

"मामा, गप ऱ्हा," मिना तोंड न हलवता म्हणाली.

तिनं तेव्हाच सांगून टाकलं असतं. पण सगळ्या केंद्रांचे ऑपरेटर बघत होते. दुसऱ्या दिवशी फोन करून सांगू म्हणाली, तर सरांनीच आधी फोन केला. तोही नोंदीतल्या मोबाईलवर, म्हणजे संतराममामांना. मामा काट्याशेजारीच होते. मिना काचेआडून हातवारे करत राहिली; पण मामा म्हणजे देवाच्या बाबतीत खोटं बोलायचं नाही, या मताचे.

"म्हसोबाराव बोलताहेत का?"

"न्हाई. ते बोलत न्हाईत."

"म्हणजे आमच्यावर रागावलेत?"

"तसं काई दिसत न्हाई. पण राग आला तं सांगून येत न्हाई त्येंचा."

"आत्ता कुठं आहेत?"

"लिंबाखाली बसून हायेत."

"वय झालं असेल त्यांचं?"

"लई. आमच्या आज्याच्याबी आधीचे."

"बरं, मी भेटायला येतोय. त्यांना काय आवडतं?"

मामांनी थोडा विचार केला. "नारळ चालतो. कुनी नवसाचं कोंबडं आणतं. पण सक्ती न्हाई."

मिनानं कपाळ टेबलावर टेकवलं. उठली तेव्हा कपाळ पिवळं झालं होतं.

आणि आज तो दिवस उजाडला होता. अकराच्या सुमारास पांढरी गाडी रांगेच्या कडेकडेनं आत शिरली. रविंद्र सर उतरले. पस्तिशीचा तरणाबांड माणूस, पुण्याची इस्त्री अंगावर, एका हातात शाल, दुसऱ्या हातात नारळ. मिना उठली, फाटकापर्यंत गेली. रात्रभर तिनं मनात घोळवलं होतं: म्हसोबाराव तीर्थाला गेले म्हणावं का? आजारी पडले म्हणावं का? पण सरांच्या हातातला नारळ पाहून तिला स्वतःचंच हसू यायला लागलं, आणि हसू आलं की मिनाला खोटं बोलता येत नसे.

"नमस्कार मिनाताई. कुठं आहेत?"

"चला, भेटवते," ती म्हणाली.

ती त्यांना लिंबाखाली घेऊन गेली. संतराममामांनी आज देवाला ताजा शेंदूर लावला होता, वर झेंडूचं फूल. पाव्हणे येणार म्हणून.

"हे म्हसोबाराव," मिना म्हणाली.

सरांनी धोंड्याकडं पाहिलं. मिनाकडं पाहिलं. पुन्हा धोंड्याकडं. शाल हातातून घसरली ती मामांनी वरच्या वर झेलली.

"आन् तुमी... तुमी चार वर्सं... हे काय करून राहिले बाप्पा तुमी!"

सरांच्या बोलण्यावरची पुण्याची इस्त्री एका दमात उतरली होती. मिनाचे कान टवकारले. "सर, तुमी कुठले?"

"साखऱ्याचा," सर कपाळ धरून बसले. "सेनगावकडचा. आमच्या आज्याचं नावच म्हसाजी होतं. म्हणून मला काही वाटलंच न्हाई बघा!"

मग मिनानं सगळं सांगितलं. वजन का, नाव का, 'माल परत' का. एकही गोष्ट लपवली नाही. शेवटी म्हणाली, "चूक माझी हाय. नोकरीवरून काढायचं तं काढा. पण तुमचं मशीन खोटं बोललं न्हाई सर. रोज येतात. रोज परत जातात. ओलावा शून्य."

सरांनी एकदा मागच्या रांगेकडं पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मिनाताई, मी हे वरच्या मीटिंगमध्ये दाखवलं. पडद्यावर. नव्या प्लॅटफॉर्मचा सगळ्यात मोठा शोध म्हणून. टाळ्या वाजल्या हो."

मिनाला हिशेब कळला. बोगस नाव तिनं टाकलं होतं, पण मिरवलं होतं सरांनी. ती घरी बसायची तर सरांनाही सोबत घेऊनच. तिनं चेहरा शक्य तितका गरीब केला. "मग आता वर काय सांगायचं, सर?"

"काय सांगायचं?" सरांनी उलट तिलाच विचारलं.

"खरं ते सांगा. भेट घेतली म्हणा."

"अन् तक्रार काय होती विचारलं तर?"

संतराममामा मधेच म्हणाले, "तक्रार कुठं हाय? इचारून पाहा की."

सर धोंड्याकडं बघत राहिले, आणि हळूहळू त्यांच्या खांद्यांना गदगद सुटली. आधी मिनाला वाटलं माणूस रडतोय. पण सर हसत होते, साखऱ्याच्या पोरासारखं, पोट धरून. त्यांनी बूट काढले, नारळ फोडला, खोबऱ्याचा पहिला तुकडा देवापुढं ठेवला, दुसरा मिनाला दिला. मग मोबाईल काढून एकेक अक्षर मोठ्यानं वाचत नोंद केली: "शेतकऱ्याची प्रत्यक्ष भेट घेतली. स्वभाव शांत. तक्रार नाही. व्यवहार बंद करून जागेवरच थांबण्याचा निर्णय." त्यांनी मिनाला नव्या प्लॅटफॉर्मातला एक कोपराही दाखवला, 'चाचणी वजन' नावाचा. तिथं शेतकऱ्याचं नाव लागत नव्हतं. उद्यापासून तिथं लिहायचं.

"बिननावाचं?" मामांना ते पटेना. "पहिलं वजन बिननावाचं?"

"मामा, शेरा लिहायला जागा हाय," मिना म्हणाली. "तिथं टाकते मी त्येंना."

"मिनाताई," सर दटावल्यासारखं म्हणाले, पण तोंडात खोबरं होतं.

तेवढ्यात फोन टुणकन वाजला. लाल ठिपका हिरवा झाला होता, आणि खाली प्लॅटफॉर्मनं आपल्या अकलेनं एक सल्ला दिला होता. सरांनी वाचून दाखवला: "हा शेतकरी समाधानी आहे. याच्या ओळखीतून नवे शेतकरी जोडा."

"आमुशाला लई येतेत त्येंच्याकडं," मामा गंभीरपणे म्हणाले. "सांगतो मी."

रांगेतून एका म्हाताऱ्याचा, माणिकरावांचा, आवाज आला. "ओ सायब, दर्शन झालं असंल तं काटा मोकळा करा! आभाळ आलंय, आमच्या हळदीचा रंग म्हसोबा देणार हाय का?"

मामा शाल सरांच्या हाती देऊन काट्याकडं पळाले. सर शाल कुणाला द्यावी या विचारात उभे राहिले; शेवटी धोंड्यावरच घातली आणि गाडीत बसले. मिना आत आली, पंख्याखालच्या खुर्चीत टेकली. माणिकरावांचं नाव टाकायला गेली तर 'म'चं बटण रुतलेलं. सकाळी ओठ आवळून घासताना नेमकं तेच राहिलं होतं. तिनं ड्रॉवरमधून टूथब्रश काढला, फुंकर मारली, आणि पिवळी धूळ उडवत पुन्हा घासायला लागली.