परबांचा पहिला टेंट

परब टेंटमध्ये आडवे झाले होते आणि बाहेर यायला तयार नव्हते.

दादर पश्चिमेला ट्रेकिंगच्या सामानाचं एक दुकान आहे, तिथे मी एकोणीस वर्षं काम करते. खाली बूट आणि बॅगा, वर पोटमाळ्यावर टेंट. घ्यायच्या आधी आत झोपून बघा, असा माझा आग्रह असतो. बहुतेक लोक लाजतात. बूट काढायला सांगितलं की त्यांना मोज्याला भोक असल्याचं आठवतं. परब लाजले नाहीत. चाळिशीचा माणूस. राहायला लालबागला, काम परळच्या टॉवरमधल्या लिफ्ट सांभाळण्याचं. चौघांच्या मोठ्या टेंटमध्ये शिरले आणि छताकडे बघत पडून राहिले. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला.

"मॅडम, ह्याच्यात मधोमध पडदा लावता येईल का?"

मला हसू आलं. मी परळच्या चाळीत वाढले. खोलीला मधोमध पडदा लावणं हा आमच्याकडचा जुना उद्योग. घरात नवं लग्न झालं की पहिला पडदा यायचा. मी म्हटलं, टेंटला कशाला पडदा, किती जण आहात? तर दोघंच. ते आणि त्यांची बारा वर्षांची मुलगी. मुलगी ठाण्याला असते म्हणाले. दोघांचंही पहिलंच कॅम्पिंग, डिसेंबरात, कर्जतजवळ नदीकाठी.

माझ्या दृष्टीने विषय तिथेच संपला होता. पहिला टेंट घेणारे सगळे मोठ्या टेंटच्या प्रेमात पडतात, आणि मी सगळ्यांना त्यातून बाहेर काढते. कारणं सरळ आहेत. मोठ्या टेंटला मोठी सपाट जागा लागते आणि नदीकाठी ती मिळत नाही. तो वारा जास्त धरतो. शिवाय आमच्याकडचा तो चौघांचा टेंट एकाच कापडाचा होता. थंडीत आपल्या श्वासाची वाफ अशा कापडावर आतून जमते आणि पहाटे थेंब थेंब अंगावर पडते. लोकांना वाटतं टेंट गळतोय. चांगल्या टेंटला दोन थर असतात. आतला जाळीचा, त्याला इनर म्हणतात, आणि बाहेरचा पाणी अडवणारा, तो फ्लाय. वाफ जाळीतून निघून फ्लायवर जमते, आपण कोरडे राहतो.

म्हणून मी त्यांच्यासमोर टू-पर्सन, दोन थरांचा टेंट ठेवला. टू-पर्सन म्हणजे काय, तर दोन मॅट शेजारी शेजारी मावतात. त्यापुढे एक वीतसुद्धा शिल्लक राहत नाही.

परब म्हणाले, "जरा अडचण होईल ना, मॅडम?"

मी म्हटलं, "लालबागकरांनी अडचणीला घाबरायचं?"

ते हसले आणि टेंट घेऊन गेले. योग्य माणसाला योग्य वस्तू दिली, या समाधानात मी डबा उघडला.

तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी दुपारी, परब टेंट घेऊन परत आले. आमच्याकडे परत येणारे टेंट चिखलाचे, ओले, पोल मोडलेले असे येतात. हा स्वच्छ पुसलेला, गॅलरीत वाळवलेला, मूळ घडीवर घडी घातलेला होता. मी विचारलं, काय झालं, पाणी आलं का?

"नाही. टेंट एक नंबर आहे. एक थेंब आला नाही."

"मग?"

"मुलगी परत येणार नाही म्हणते."

मग त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बायको आणि ते वेगळे होऊन दोन वर्षं झाली. मुलगी, ऋतुजा, आईकडे राहते. महिन्यातले दोन रविवार बाबांचे. लालबागच्या खोलीत परबांची आई, भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुलं. ठाण्याला ऋतुजाला स्वतःची खोली आहे, दाराला कडी आहे. लालबागला ती राहायला तयार होत नाही. जेवते आणि संध्याकाळी परत जाते. तिच्याबरोबर कुठेतरी राहता यावं म्हणून परबांनी टेंट घेतला होता. नदीवर दिवस छान गेला. झोपायची वेळ झाली तेव्हा ती आत शिरली, कापडाला चिकटून बसली आणि आडवी होईना. शेवटी त्यांनी आपली मॅट बाहेर झाडाखाली टाकली. सकाळी ती म्हणाली, बाबा, आता राहायचं नको, आपण दिवसाच भेटू.

"दोन वर्षांत ती माझ्या शेजारी झोपलेली नाही, मॅडम. मोठी झाली. मला कळायला हवं होतं."

त्यांना कळलं होतं. म्हणून तर पडद्याचं विचारत होते. मी त्यांना वाऱ्याचं, वाफेचं शास्त्र ऐकवलं, वर लालबागकर म्हणून टोमणा मारला. माझ्यासारख्या, सात जणांच्या एका खोलीत वाढलेल्या बाईला दोघांसाठी एक टेंट म्हणजे चैन वाटते. त्या मुलीला काय वाटेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला स्वतःची लाज वाटली.

मी आमच्या सरांकडे गेले. दुकान त्यांचं, ते दिवसभर काउंटरमागे बसून असतात आणि त्यांना सगळं ऐकू येतं.

"वापरलेला टेंट परत घेत नाही आपण," ते मान वर न करता म्हणाले.

"सर, टेंट त्यांच्याकडेच राहू दे. वन-पर्सनचा डिस्प्ले पीस आहे ना, उन्हाने विटलेला, तो द्यायचा आहे मला त्यांना. सल्ला माझा चुकला."

आता त्यांनी मान वर केली. "तुझा? एकदा लिहून दे. फ्रेम करून लावतो."

याचा अर्थ हो, असा असतो.

परबांना मी म्हटलं, मुलीला इकडे घेऊन या. त्यांचा विचार होता, बूट घ्यायचेत असं सांगून आणावं. मी नको म्हटलं. टेंट ठेवायचा की नाही ते तिने ठरवायचं आहे, असं स्वच्छ सांगा. नाही आली तर नाही आली.

त्यांच्या पुढच्या रविवारी ऋतुजा आली. उंच, बारीक, एका कानात इअरफोन. मी पोटमाळ्यावरचा मोठा टेंट काढून जागा रिकामी केली होती. एका टोकाला तिचा टू-पर्सन लावला, दुसऱ्या टोकाला तो विटका वन-पर्सन, दोन्हीची दारं समोरासमोर. आमच्याकडे फरशी असल्यामुळे पेग, म्हणजे जमिनीत ठोकायच्या खुंट्या, वापरता येत नाहीत. पण हे टेंट नुसत्या पोलवर उभे राहतात आणि उचलून कुठेही सरकवता येतात. मी तिला सांगितलं, हा मोठा तुझा एकटीचा, चेन आतून लागते. तो छोटा बाबांचा. जमत नसेल तर सांग.

तिने बूट काढले, आत गेली आणि चेन लावून घेतली.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. परब दोनदा पुढे झाले, दोन्ही वेळा मी त्यांना हातानेच थांबवलं. लिफ्ट अडकल्यावर तुम्ही सारखे दार ठोठावता का, असं विचारल्यावर ते स्टुलावर बसले. त्यांचे हात गुडघ्यांवर होते आणि ते चेनकडे बघत होते. गिऱ्हाइकाच्या घरगुती भानगडीत मी पडत नाही, पण त्या दहा मिनिटांत माझंही कशात लक्ष नव्हतं.

मग आतून आवाज आला. "बाबा, तू कुठे झोपणार?"

"तुझ्या समोर. त्या छोट्यात."

"त्यात मावशील?"

परब उठले, छोट्या टेंटमध्ये जाऊन आडवे झाले. पाय टेकत होते. "मावतो," म्हणाले.

चेन उघडली आणि तिने डोकं बाहेर काढलं. "किती लांब लावायचा? मी हाक मारली तर ऐकू यायला पाहिजे. पण तुझं घोरणं इकडे नको."

परबांनी कामाच्या बॅगेतून टेप काढली. तिने आपला टेंट पुढे ढकलला, मागे घेतला, पुन्हा पुढे ढकलला आणि आठ फुटांवर पसंती दिली. परबांनी आठ फूट आपल्या वहीत लिहून घेतलं. टेंट परत करायचा विषय निघाला नाही.

जानेवारीत त्यांचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. नदीकाठी दोन टेंट, दारं समोरासमोर, मध्ये पातेलं. मी धंद्याच्या नजरेने बघितलं. फ्लाय नीट ताणलेला होता, उतार पायाकडे होता. पण दोन टेंटमध्ये आठ फूट काही दिसेनात. जेमतेम तीन असतील. मी फोन करून विचारलं, टेप विसरलात का?

"नाही हो. मी मोजून आठ फुटांवर लावला होता," परब म्हणाले. "जेवणं झाल्यावर तिने आपले पेग उपटले आणि तिचा टेंट माझ्याकडे सरकवला. मी काही बोललो नाही. बोलायला नको ना?"

मी म्हटलं, नको.

तेव्हापासून पहिला टेंट घेणाऱ्याला मी एक सूचना जास्तीची देते. पोहोचल्या पोहोचल्या पेग ठोकू नका. टेंट नुसता उभा करा, जेवणं होऊ द्या, माणसं जरा बसू द्या, आणि मग ठोका. वारा असेल तर गोष्ट वेगळी.