वरोरच्या किनाऱ्यावर वाजलेला डबा

तलासरीच्या शाळेतून निवृत्त झाले, तेव्हा आमच्या चर्चच्या पाळकांनी मंडळीतल्या किशोरवयीन मुलांचा वर्ग माझ्या हवाली केला. दर रविवारी उपासना झाली की तासभर. तीन वर्षं झाली तरी हा वर्ग नेमका कशासाठी आहे, ते मला उमगलं नव्हतं. बायबलमधली वचनं पाठ करून घ्यायची, गाणी बसवायची, नाताळात नाटक करायचं. मुलं सगळं करायची, पण मन भलतीकडेच. ही पोरं माझ्या आवाक्यातली नाहीत, दुसरं कुणी तरी बघ, असं मी प्रभूला प्रार्थनेत सरळ सांगूनही टाकलं होतं. मला जमत होती ती फक्त शिस्त, म्हणून मी शिस्तीलाच धरून बसले.

त्या शिस्तीचं प्रतीक म्हणजे माझा पोळ्यांचा स्टीलचा डबा. प्रार्थनेआधी प्रत्येकाने मोबाइलचा आवाज बंद करून तो डब्यात टाकायचा, मग मी झाकण लावायचे. या युक्तीचा मला फार अभिमान होता. घरी तर माझे यजमान म्हणायचे, या डब्यात आता पोळ्या कधी येणार?

त्या रविवारी रेश्माने मोबाइल दिला नाही. गंजाडची ही पंधरा वर्षांची मुलगी, एरवी शब्दाबाहेर न जाणारी. मी हात पुढे केला तर तिने मोबाइल छातीशी धरला. मला राग आला. मोबाइल डब्यात, नाहीतर तू बाहेर, असं मी सगळ्यांदेखत म्हटलं. ती उठली, चपला घातल्या आणि निघून गेली. मी प्रार्थना सुरू केली. माझेच शब्द मला पोकळ लागत होते, तरी मी रेटत राहिले.

मध्येच तिचा चुलतभाऊ विलास म्हणाला, "टीचर, तिचा दादा वरोरच्या बोटीवर खलाशी हाय. परवा यायची बोट, अजून आली नाय. घरात तो एकच फोन हाय."

तिने मला सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. आता काय करावं, या विचारात मी असताना मुलं उठलीसुद्धा. कुणी बाहेर धावून रेश्माला रस्त्यावर गाठलं, कुणी मंडळीतल्या एकाचा टेम्पो मिळवला. तिला आता घरी बसून राहवणार नव्हतंच, तिला वरोरला जायचं होतं. आम्ही सगळेच निघालो. गडबडीत डबा माझ्या काखेतच राहिला, आणि सतत मोबाइलमध्ये डोकं घालणाऱ्या त्या आठ पोरांपैकी एकानेही वाटेत तो मागितला नाही.

किनाऱ्यावर वारं होतं. समुद्रात काहीच दिसत नव्हतं. सकाळपासून फोन लावून लावून रेश्माच्या मोबाइलचं चार्जिंग संपलं होतं. मासळी वाळवणाऱ्या एका अनोळखी मावशींनी आम्हाला पाहिलं, काही न विचारता ताडपत्री अंथरली आणि घागरभर पाणी आणून ठेवलं. त्या रेश्माला एवढंच म्हणाल्या, "बस गो पोरी. इंजिन बंद पडलं असल. आमचीपण अशीच येतात." मुली रेश्माला चिकटून बसल्या. कुणी वचन म्हटलं नाही, कुणी गाणंही धरलं नाही. मी तिच्यासमोर बसले आणि सगळ्यांदेखत तिची माफी मागितली. मग डोळे मिटले. प्रभू, मला काही येत नाही, तूच बघ, एवढीच माझी प्रार्थना होती.

दुपार कलली, तेव्हा माझ्या मांडीवरचा डबा थरथरू लागला. आत कुठला तरी मोबाइल हादरत होता आणि स्टीलवर त्याचा खडखडाट होत होता. झाकण उघडलं, तर विलासचा मोबाइल. फोन दादाचा. बहिणीचा फोन लागत नाही म्हणून त्याने चुलतभावाला लावला होता. इंजिन बंद पडलं होतं, दुसरी बोट ओढून आणत होती, किनारा जवळ आला तशी रेंज मिळाली होती. रेश्मा फोन कानाला लावून नुसती रडत होती. मीही रडले. छातीवरचा धोंडा उतरला.

ज्या डब्यापायी मी तिला बाहेर काढलं, त्यातूनच तिच्या भावाचा निरोप आला. याचा अर्थ मी कुणाला समजावत बसत नाही. माझ्यापुरता तो मला लागला. मी या मुलांना तीन वर्षं गप्प बसवत होते, आणि प्रभूने त्यांना एकमेकांजवळ बसायला कधीच शिकवून ठेवलं होतं.

पुढच्या रविवारी रेश्मा आली. सवयीने तिने मोबाइल पुढे केला. मी म्हटलं, "राहू दे तुझ्याकडे. आधी सांग, घरी सगळे बरे आहेत ना?" ती सांगू लागली. मग विलास, मग बाकीचे, एकेक करून. तास संपला तेव्हा एकही वचन पाठ झालं नव्हतं, आणि मी प्रभूचे मनापासून आभार मानले.