राजेश्रीचे घ आणि ध

व्यंकटराव गुरुजींनी येलदरीजवळच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं. त्यांची लेक राजेश्री त्यांच्याच वर्गात होती. फळ्यावर 'धार' लिहिलं की तिच्या वहीत 'घार' यायचं. मास्तरच्या पोरीनं असं लिहावं, याची त्यांना लाज वाटायची. वर्गासमोर त्यांनी तिला छडीनं मारलं, तेही एकदा नव्हे. सातवीत ती नापास झाली तेव्हा ते बायकोला म्हणाले, "हिच्या डोक्यात काय शिरायचं न्हाई." तिची शाळा सुटली. पुढं लग्न होऊन ती सेलूला गेली.

यंदा राजेश्रीची मुलगी भक्ती वाचताना मान तिरपी करायला लागली, डोकं दुखतंय म्हणू लागली. गुरुजी मायलेकींना घेऊन परभणीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेले. डॉक्टरीणबाईंनी भक्तीला तपासलं.

"बुबुळावरचा काचेसारखा पडदा चेंडूसारखा गोल असावा लागतो. हिचा एका बाजूनं जास्त वाकलाय, अंड्यासारखा. त्यामुळं उजेड एका जागी जमत नाही. हिला उभ्या रेघा ठळक दिसतात, आडव्या पसरतात. लांबचंही तसंच, जवळचंही."

"म्हणजे घ आन ध..." गुरुजी अडखळले.

"हो. वरची रेघ सलग आहे का तुटलेली, हेच कळत नाही."

गुरुजींनी राजेश्रीकडं बघितलं. मग म्हणाले, "हिच्या आईचेबी डोळे बघा."

राजेश्रीला तोच दोष निघाला, लेकीपेक्षा जास्त. काचा बदलबदलून लावल्या तरी खालच्या ओळी तिला वाचता येईनात. लहानपणी चष्मा लागला असता तर मेंदूला स्पष्ट बघायची सवय झाली असती, आता थोडाच फरक पडेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मला वाटायचं, समद्यांनाच असं दिसतंय," राजेश्री म्हणाली.

बाहेर बाकावर गुरुजी हळूच बोलले, "तू एकदा म्हणाली होतीस, रेघा पसरायल्यात म्हणून. मी बहाणा समजलो. लय मारलं त्या दिवशी."

"मला आठवत न्हाई, अण्णा."

ती खरं बोलतेय का, हे त्यांना तिच्या तोंडाकडं बघून कळेना.

चष्म्यानं भक्तीचं डोकं दुखायचं थांबलं. राजेश्रीला मात्र नव्या काचांतून फरशी वाकडी दिसते, गरगरतं. तरी गुरुजी दर रविवारी सेलूला जातात, तिला समोर बसवून पेपर वाचायला लावतात. बापासाठी ती चार ओळी वाचते, बोट ठेवून, सावकाश.

"आता वाचून मी काय करू, अण्णा?" परवा तिनं पेपर घडी करत विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता भाकरी टाकायला उठून गेली.