अंकुशकृमी – निरंक

पंचविशीत मला सगळं येत होतं. पालघरच्या सरकारी प्रयोगशाळेत नोकरी, अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा कोट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. लाल पेन खरं तर साहेबांनी वापरायचं, पण मला ते शोभतं असं मला वाटायचं. तेव्हाची ती मी आज स्टेशनवर भेटले असते तर मी स्वतःला ओळख दिली नसती.

माझं काम जंत शोधायचं. डोंगराकडच्या गावांतून शौचाचे नमुने डब्यांतून यायचे. नमुना बारीक जाळीतून गाळायचा, काचेवर चिमूटभर ठेवायचा, वर ग्लिसरीनमध्ये भिजवलेली पारदर्शक पट्टी दाबायची. थोड्या वेळानं थर काचेसारखा स्वच्छ होतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी दिसतात. माझी शिस्त अशी की सकाळभर सगळ्या काचा करून ठेवायच्या, ओळीनं, एका रेषेत. मग हात धुऊन सुक्या जवळ्याबरोबर भाकरी खायची, मैत्रिणींशी गप्पा मारायच्या आणि दुपारी निवांत वाचायला बसायचं. तोवर काचा अशा लख्ख झालेल्या असायच्या की बघत राहावं. गोल जंतांची अंडी ढिगानं दिसायची. अंकुशकृमी, म्हणजे आतड्याला चिकटून रक्त पिणारा बारीक जंत, त्याचं अंडं मात्र दिसायचं नाही. त्या रकान्यात मी वळणदार अक्षरात लिहायची : निरंक. पानापानावर निरंक, एकाखाली एक. साहेब म्हणायचे, “काय सुंदर रजिस्टर आहे!” आणि मी दिवसभर जमिनीवरून दोन बोटं वर चालायची.

मग एकदा बाहेरून एक म्हातारे डॉक्टर शिकवायला आले. त्यांनी रजिस्टर चाळलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “काचा किती वेळानं बघता?”

“जेवून, सर.”

ते हसले नाहीत. त्यांनी एका नमुन्याची ताजी काच केली, लगेच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि मला म्हणाले, “बसा. उठू नका.”

मी डोळा लावला. मधोमध एक लांबट अंडं होतं. कवच इतकं पातळ की साबणाच्या फुग्यासारखं, आणि आत पेशींचे चार मणी. मी त्याच्याकडे बघत राहिले. दहा मिनिटं, वीस मिनिटं. ग्लिसरीन त्याच्यात शिरत गेलं, कडा फिकी झाली, मणी एकमेकांत मिसळले, आणि बघता बघता तिथे काहीच उरलं नाही. नुसता स्वच्छ उजेड. मी डोळा काढलासुद्धा नव्हता.

म्हणजे मी भाकरी खात असताना ती अंडी रोज माझ्या काचांवरून नाहीशी होत होती, आणि मी परत येऊन त्यांच्या जागी सुंदर अक्षरात निरंक लिहीत होते. आजही सांगताना अंगावर काटा येतो. त्यातला अर्धा लाजेचा, पण अर्धा मात्र खराखुरा नवलाचा. इतकं नाजूक काहीतरी माणसाचं रक्त पिणाऱ्या प्राण्याच्या पोटातून येतं, याचं नवल.

आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. नातीला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “आजी, तू जेवायला जात होतीस आणि जंत पळून जात होते?” मी म्हटलं, “हो, माझ्या भाकरीचा वास आला की.”

गेल्या पावसाळ्यानंतर माझी नणंद आजारी पडली. माकुणसारला तिची पानवेलीची वाडी आहे. सत्तरी ओलांडली तरी सकाळी उठून मळ्यात असते. तिला धाप लागायला लागली, ओठ पांढरे पडले. हिमोग्लोबिन साडेसहा. लोहाच्या गोळ्या झाल्या, सुया झाल्या, आकडा थोडा चढायचा आणि परत घसरायचा. डॉक्टरांनी मुंबईची चिठ्ठी दिली, आतड्यात वरून आणि खालून नळी घालून बघायला. रक्त कुठे जातं ते शोधायचं होतं. कुणी कॅन्सर हा शब्द उच्चारला नाही, पण नणंदेनं तो केव्हाच ऐकला होता. तिच्या आईला पोटाचा तोच आजार होऊन ती गेली होती.

“मी जाणार नाय,” ती म्हणाली. “मला नळ्या घालून काय कळून घ्यायचं नाय. मी इथंच बरी हाय.”

“वन्सं, हट्ट करू नका.”

“हट्ट नाय वहिनी. मी वाटणी करून ठेवलीय. मळ्याची पण.”

शौचाची तपासणी तीनदा झाली होती. तिन्ही वेळा काही नाही. मी स्वतःच तिच्या सुनेला ठामपणे सांगितलं होतं, “जंत कुठले आता? शाळाशाळांत गोळ्या देतात, घरोघरी संडास आहेत. आपल्याकडे जंत राहिले नाहीत.” पाहिलंत? लाल पेन अजून माझ्या खिशातच होतं.

मग तिला समजवायला मी तिच्या मळ्यात गेले. दाराशी आल्याबरोबर सवयीनं चपला काढल्या. आमच्याकडे पानाच्या मळ्यात चपला घालून कोणी जात नाही. तो देवघरासारखा मानतात, बाहेरची धूळ वेलीला चालत नाही. आत सावली, ओली काळी माती, पायाखाली गार. मी दोन पावलं टाकली आणि तिथेच थांबले.

ओली सावलीतली माती, आणि वर्षानुवर्षं अनवाणी पाय. अंकुशकृमीची पिल्लं अशाच मातीत राहतात आणि पायाच्या कातडीतून आत शिरतात. पूर्वी परसाकडला पाटाच्या कडेला सगळेच जायचे, लग्न होऊन आलेली मीसुद्धा, आणि कुणीकुणी अजूनही जातात. आता अंडी कमी झाली आहेत, खरं आहे. पण कमी झाली म्हणूनच सापडत नाहीत. मोहरीएवढ्या नमुन्यात दिसलं नाही, म्हणजे बाईत नाही, असं आम्ही लोक म्हणून टाकतो.

“वन्सं,” मी म्हटलं, “मुंबईच्या आधी मला तीन सकाळी द्या.”

“कशाच्या?”

मी सांगितलं. तिनं पदर सावरला. “चाळीस वर्षं मी तुमच्यापुढं डोक्यावरचा पदर ढळू दिला नाय, आणि आता ह्ये आणून देऊ?”

“पदरात बांधून देऊ नका, डबीत द्या.”

बोईसरला माझ्या हाताखाली शिकलेल्या एका बाईची प्रयोगशाळा आहे, एक जिना चढून वर. बाहेर कारखान्यातले कामगार रक्त द्यायला बसलेले असतात. पहिल्या सकाळी मी डबी पिशवीत घेऊन वर चढले तेव्हा त्यातला एक उठून म्हणाला, “अम्मा, आप बैठो, पहले आपका.” मी म्हटलं, “बेटा, ये मेरा नहीं है,” आणि तो का हसला ते मला घरी गेल्यावर कळलं. तो नंबराचं बोलत होता, मी डबीचं.

आम्ही जुनी रीत काढली. पाण्यात मीठ घालत जायचं, विरघळेनासं होईपर्यंत. नमुना त्यात कालवायचा आणि बाटली काठोकाठ भरायची, इतकी की पाणी काठाच्या वर फुगून थरथरत राहतं. त्यावर अलगद काच ठेवायची. जड मिठाच्या पाण्यात घाण खाली बसते आणि हलकी अंडी तरंगत वर येऊन काचेला चिकटतात. आमच्या किनाऱ्यावर मिठागरं, घराघरांत बरण्यांत मीठ, आणि तेच मीठ पोटातलं गुपित वर उचलून आणतं, हे मला अजूनही पुरतं पटत नाही. पाव तास थांबायचं, काच उचलायची आणि तत्क्षणी बघायची. जेवायला जायचं नाही.

पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशीही काही नाही.

“बाई,” माझी शिष्या म्हणाली, “चार काचा झाल्या. निरंक लिहू?”

“अजून एक सकाळ बाकी आहे,” मी म्हटलं. “थोडे जंत असले की अंडी रोज पडतीलच असं नाही.” मी आवाज ठाम ठेवला. नणंदेला मी आशा दाखवली होती.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या काचेच्या कोपऱ्यात ते होतं. तसंच लांबट, तसंच फुग्यासारखं, आत चार मणी. इतकी वर्षं गेली, माझा कोट गेला, साहेब गेले, आणि ते एवढंही बदललं नव्हतं. पलीकडे आणखी एक. शिष्येनं मला बाजूला सारून बघितलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं.

त्या दिवशी नणंदही बरोबर आली होती, खाली रिक्षात बसली होती. मी तिला हात धरून जिना चढवला, दर चार पायऱ्यांनी थांबत. तिनं डोळा लावला.

“ह्ये माझ्यातलं?”

“तुमच्यातलं.”

ती बराच वेळ बघत राहिली. “गोंडस हाय,” ती म्हणाली. मग हळूच विचारलं, “म्हंजे ते दुसरं नाय?”

“ते मी सांगू शकत नाही, वन्सं. रक्त यानं जातं, एवढं सांगते. यानंच जातं का, ते डॉक्टर सांगतील.”

डॉक्टरांनी जंतांची गोळी दिली, लोह पुढे चालू ठेवलं आणि मुंबईची चिठ्ठी परत घेतली नाही. “सहा आठवडे,” ते म्हणाले. “आकडा चढला आणि टिकला तर ठीक. नाही तर वाद न घालता जायचं.” नणंदेनं मान डोलावली. नळ्यांना नाही म्हणणारी बाई ती, पण ते अंडं बघितल्यापासून तिला कळून घ्यायचं होतं.

त्या सहा आठवड्यांत आमचं एकच भांडण झालं, चपलांवरून. शेवटी तिनं नवे कोरे गमबूट आणले, त्यांना हळदकुंकू लावलं आणि वेलींना सांगितलं की हे बाहेर कधी जाणार नाहीत. मी हसले तर म्हणाली, “तुमी पांडरा कोट घालायचात तवा मी हसले का?”

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी कागद बघितला. “पावणेदहा,” ते म्हणाले. “मुंबईला जायचं नाही. औषध चालू ठेवा, दर महिन्याला रक्त बघू.”

नणंद खुर्चीवरून उठेना. “परत बोला,” ती म्हणाली.

त्यांनी परत सांगितलं.

ती माझ्याकडे वळली. “वहिनी, तुमी पण ऐकलंत ना? नायतर घरी गेल्यावर मला वाटायचं, मी माझ्याच मनानं बोलले.”

मी नुसती मान हलवली. इतक्या वर्षांत तिला टोमणा मारायची एवढी चांगली संधी मी पहिल्यांदाच सोडली.