सोलोमियाचा तिसरा दिवस

मेलानिया गावच्या छोट्या दवाखान्यात तीस वर्षं परिचारिका होती. डॉक्टर बसायचे तालुक्याला. युक्रेनमधल्या तेर्नोपिलकडच्या त्या खेड्यात २००९ च्या ऑक्टोबरात एक लग्न झालं. नवऱ्याचा मित्र शहरातून खोकतच आला होता. रिवाजाप्रमाणे दारूचा एकच पेला सगळ्या टेबलांवरून फिरला. चार-पाच दिवसांत सतरा जण तापानं फणफणले. म्हातारे बरेचसे वाचले. आडवे झाले ते धडधाकट तरणे.

दुकानांतले मास्क केव्हाच संपले होते. मेलानियानं चादरी फाडून शिवले आणि घरोघर वाटले. आजाऱ्याला वेगळं झोपवा, हात धूत राहा, असं सांगत फिरली. लोक लसूण चघळत हसायचे. "स्वाइन फ्लू म्हणे! आमची डुकरं ठणठणीत आहेत, ताई. हवं तर त्यांना थर्मामीटर लावून बघा!"

मग तिच्या भावाची मुलगी सोलोमिया तापली. सातवा महिना चालू होता. सासू पारास्का तिच्या छातीला हंसाची चरबी चोळत बसली होती.

"हिला आजच तालुक्याला न्या," मेलानिया म्हणाली. "या तापावर गोळ्या आहेत, पण दोन दिवसांच्या आत सुरू केल्या तरच नीट लागू पडतात. पोटुशीला तर हा ताप फारच वाईट."

"सगळा तालुका जिथं खोकतोय, तिथं पोटुशी पोर नेऊ? माझी चार बाळंतपणं या चरबीवर निघाली. तू आपली सुई सांभाळ."

"आत्या, उद्या बघू ना," सोलोमिया हसली. "आज जरा बरंय."

तिला धाप लागत होती. मेलानियाला ते दिसलं. तरी सोयरिकीत वितुष्ट नको म्हणून ती उठली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सोलोमियाचे ओठ निळे पडले. इस्पितळात नळीतून औषध गेलं, श्वासाला यंत्र लागलं, पोट चिरून मुलगी काढली. मुलगी जगली. सोलोमिया नवव्या दिवशी गेली.

"आधी आणली असती तर?" मेलानियानं विचारलं.

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "कदाचित."

त्यानंतर तिनं समजावणं सोडलं. ज्याला धाप लागलेली दिसेल त्याच्या उंबऱ्यात ती फतकल मारून बसायची. "गाडी आल्याशिवाय हलणार नाही. शिव्या द्या हव्या तेवढ्या." लोकांनी दिल्या. तशी तिघं इस्पितळात गेली आणि तिघंही आपल्या पायांनी घरी आली.

एके दुपारी विहिरीपाशी पारास्कानं तिला अडवलं. महिनाभरात म्हातारी वाकून गेली होती.

"माझ्याशी का नाही भांडलीस तशी?" तिनं विचारलं. "माझ्या दारात का नाही बसलीस?"

मेलानियानं पिशवी खाली ठेवली आणि विहिरीतून तिची बादली ओढून दिली. मग मेलानियानं पिशवी उचलली. अजून चार घरं बघायची होती.